हनोईच्या रस्त्याच्या अलीकडे

देवरीहून निघालो तेव्हा उजाडलंही नव्हतं, आणि तेव्हापासून लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. धाकटा भाऊ काही वर्षांपासून हनोईला नोकरी करतो. यंदा त्यानं मायची आणि माझी तिकिटं पाठवली. वाटेत कोहमाऱ्याला ढाब्यावर चहाला थांबलो, तर तिथंही मायनं डबा गाडीत ठेवू दिला नाही. "मुंग्या लागतीन," म्हणाली.

नागपूरहून कोलकाता आणि तिथून पुढचं विमान. कोलकात्याला थांबावं लागलं तेव्हा मला भूक लागली.

"माय, एक लाडू दे ना."

"ते त्याच्यासाठी हायेत. तू सामोसा घे ना तिकडून."

घरची धानाची शेती मी पाहतो. मायच्या गोळ्या मी आणतो, तिचा रागही माझ्याच वाट्याला येतो. केस पिकायला लागलेल्या माणसानं लाडवासाठी तोंड पाडून बसावं, हे काही शोभत नाही. तरी मी बसलो. सामोसाही खाल्ला नाही.

हनोईच्या विमानतळावर भाऊ पाया पडायला वाकला, तर मायनं त्याला अर्ध्यातच उभं केलं. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरून ती नुसती बघत राहिली. "वाळला रे," म्हणाली. तो चांगला गुटगुटीत झाला होता. गाडीत ती दोघं मागं बसली, मी ड्रायव्हरजवळ. ऊन उतरत होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या पसरल्या होत्या. पाणी काठोकाठ, रोपांची रोवणी कशी सुतात! मला राहवलं नाही.

"माय, धान पाह्य इकडचं."

"हो," ती म्हणाली. मी मागं वळलो तर ती त्याच्या हाताची बोटं चाचपत होती. बाहेर तिनं बघितलंच नव्हतं.

त्याच्या घरी सामान टाकून, चहा घेऊन भाऊ आम्हाला शहरातलं तळं दाखवायला घेऊन गेला. तळ्याकाठी झाडांवर दिवे लागले होते, फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर लोक वाट्या घेऊन जेवत होते. मधे फक्त एक रस्ता होता. पण त्या रस्त्यावर स्कूटरींचा पूर लोटला होता, आणि कोणीही थांबत नव्हतं.

"थांबत नसतात ते," भाऊ म्हणाला. "आपण हळू चालायचं, मधे अडायचं नाही. तेच बाजूनं जातात."

त्यानं मायचा हात धरला आणि दोघं निघाली. गोंदियाच्या बाजारात सायकल दिसली तरी माझी बाही धरणारी माझी माय त्या स्कूटरींमधून अशी गेली, जशी घरच्या अंगणातून चालली आहे. मी एक पाऊल टाकलं, हॉर्न वाजला, मी मागं आलो. पुन्हा टाकलं, पुन्हा मागं आलो. पलीकडे ती दोघं झाडाखाली पोचली. भाऊ तिला बोटानं काहीतरी दाखवत होता आणि ती हसत होती. मी आलो की नाही हे बघायला तिची मान एकदाही वळली नाही.

शेवटी भावाच्याच लक्षात आलं. तो मला न्यायला परत अलीकडे आला आणि हात पुढं करून म्हणाला, "दादा, चल."

"मले येते," मी म्हटलं आणि रागानं सरळ चालू लागलो. उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. स्कूटरी बाजूनं गेल्या.

"एवढा येळ काऊन लागला?" मायनं विचारलं.

"मी मांगं राहिलो, तुले दिसलं तरी का?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पाहाचं काय त्यात? तू येशीनच ना."

भाऊ हसला. मी हसलो नाही. तिचा माझ्यावर भरवसा होता की तिला माझी गरज वाटली नव्हती, ते तळ्याला पूर्ण फेरी मारूनही मला ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर भावानं हौसेनं एसी चांगला गार करून दिला. लाडवांचा डबा उघडला. पहिला लाडू त्यानं मला दिला, तो मी ताटलीत तसाच ठेवला. माय सोफ्यावर बसून त्याच्या गोष्टी ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. पदर तिनं दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला होता.

"एसी बंद कर," मी हळूच म्हटलं. "गार हवेनं तिचे कान ठणकतात."

भावाचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं रिमोट शोधला. "मग सांगितलं काऊन नाही तिनं? केव्हाची बसली आहे."

देवरीला असती तर पंख्याच्या बटणावरूनही तिनं मला तिथल्या तिथं झापलं असतं. हे मला सांगता आलं असतं त्याला. "काय माहीत," मी म्हटलं आणि लाडू उचलला.