साहेबांचे पाय सात की आठ

घाऱ्याला सगळे घाऱ्याच म्हणत, कारण त्याचे डोळे घारे होते. कामावर मात्र लोकांची समजूत अशी की दिवसभर घारीसारखा आभाळात बसतो म्हणून हे नाव पडलं असावं. तो क्रेन चालवायचा. उंच इमारत उभी राहताना तिच्या शेजारी जी पिवळी, मनोऱ्यासारखी क्रेन असते, तिच्या टोकाशी एक काचेची खोली असते. सकाळी शिडीने त्या खोलीत चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. जेवणही वरच. खाली उभा राहून इशारे देणारा माणूस वॉकीटॉकीवर "हळू, अजून हळू, थांब" सांगणार आणि घाऱ्या त्याप्रमाणे टनभर लोखंड एखादं फूल ठेवावं तसं ठेवणार.

त्याची थोरली बहीण, ताई, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. दोघांच्या वयात बरंच अंतर. त्यामुळे लहानपणी एकत्र खेळणं असं झालंच नाही, आणि मोठेपणी बोलायला विषय उरला नाही. फोन झाला तरी "जेवलास का", "हो, तू?" एवढ्यावर गाडी अडायची.

मग एकदा घाऱ्या तापाने फणफणला. त्याची बायको नेमकी माहेरी होती, म्हणून तो आठवडाभर ताईकडे राहिला. तेव्हा टीव्हीवर त्यांना ती कार्टून मालिका सापडली. अंतराळात एका कोपऱ्यात हरवलेल्या सामानाचं कार्यालय आहे. साऱ्या विश्वात कुणाचं काही हरवलं की ते तिथे येऊन पडतं. कार्यालयाचा साहेब म्हणजे एक ऑक्टोपस, कायम वैतागलेला. हाताखाली एक रुसका यंत्रमानव आणि चुकून सामानाबरोबर आलेली एक मुलगी. लहान मुलांची म्हणून लावली, आणि दोघं पोट धरधरून हसले.

पण खरी मजा पुढेच होती. तिसऱ्या भागात साहेबांचा एक पाय सरकत्या दारात सापडून तुटतो. तेव्हापासून साहेब सातपायी. आणि पुढे एका भागात कार्यालयात हरवलेल्या छत्र्यांचा पूर येतो. त्यात एका दृश्यात साहेब आठ पायांत आठ छत्र्या धरून उभे!

"चूक!" घाऱ्या पांघरुणातून उठून बसला. "धडधडीत चूक! पाय तुटलाय ना त्यांचा?"

"चूक कशी असेल?" ताई म्हणाली. "ऑक्टोपसचा पाय पुन्हा उगवतो. मी वाचलंय."

"मग पुढच्या भागात परत सात कसे?"

"परत तुटला असेल."

"आणि आपल्याला सांगितलं नाही?"

"साहेब आहेत ते. प्रत्येक गोष्ट तुला सांगून करतील का?"

झालं! त्या दिवसापासून भावाबहिणीला बोलायला विषय मिळाला तो कायमचा. घाऱ्या सरकारी वकील, ताई आरोपीची वकील. यंत्रमानवाचा खांद्यावरचा स्क्रू डावीकडून उजवीकडे गेला, ही चूक. तो आरशातून दिसतोय, हा बचाव. जेवणाच्या सुट्टीत तो वरून फोन करायचा, ती काचा घासायच्या यंत्राला टेकवून फोन उभा करायची, आणि दोघांचे घास हातातच राहायचे. दुकानाचे मालक पुढून ओरडायचे, "ताई, कोर्ट उठलं की सांगा, गिऱ्हाईक बसलंय."

"त्या लोकांनी एवढं सगळं जग डोक्यातून काढलं," ताई म्हणायची, "त्यांना काय पाय मोजता येत नसतील?"

"माणसंच ना ती? मग चुकणारच," घाऱ्या म्हणायचा. पण हे म्हणताना त्याच्या आवाजात अशी काही माया असायची की ताईला वाटे, याला चुका सापडतात म्हणूनच ही मालिका इतकी आवडते.

असं काही वर्षं चाललं. मग एका सकाळी कामाला निघताना बूट घालता घालता घाऱ्या एका बाजूला कलंडला. मेंदूत रक्ताची गाठ. वर क्रेनवर असता तर काय, हा विचार घरातल्या प्रत्येकाने केला आणि कुणीच बोलून दाखवला नाही. जीव वाचला. उजवा हात अधू झाला. पाय हळूहळू साथ देऊ लागला. पण बोलणं गेलं.

पूर्ण गेलं असं नाही. एक शब्द राहिला होता: "तेच." भूक लागली तरी "तेच," दुखलं तरी "तेच." डोळ्यांत सगळं कळत असल्याची खूण होती, हावभाव पूर्वीचेच होते, चिडायचाही तसाच. पण तोंडातून बाहेर पडायचं ते फक्त "तेच, तेच."

रुग्णालयात एक बाई त्याला बोलायला शिकवायला येत. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. "हे काय?" म्हणून त्या एकेक पुढे धरत. चमचा, खुर्ची, छत्री.

"तेच," घाऱ्या म्हणायचा.

"छ... छत्...?"

"तेच." आणि तो मान फिरवायचा.

बाईंनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं: घाई करू नका, चुका काढू नका, शांतपणे बोला. ताईने ते मनावर घेतलं. रोज दुकानातून सुटली की ती त्याच्या खाटेशी बसे आणि पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तशी बोले. "आज बरं वाटतंय ना? छान, छान." घाऱ्या भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्याची बायको बाहेर बाकावर बसून डोळे पुसे.

एके दिवशी घरी जाताना ताई रस्त्यातच थांबली. आपण या माणसाशी जन्मात कधी इतकं गोड बोललो नाही. याला आपली ओळख पटणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी ती भाच्याचा लॅपटॉप घेऊन गेली. बाई कार्डं घेऊन बसल्याच होत्या. ताईने काही न विचारता छत्र्यांचा भाग लावला. घाऱ्याने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. साहेब छत्र्या घेऊन उभे राहिले तिथे तिने चित्र थांबवलं.

"बघ," ती म्हणाली, "सातच पाय आहेत. उगाच इतकी वर्षं भांडलास."

घाऱ्या ताडकन ताईकडे वळला. "तेच!"

"सात."

"तेच! तेच!!"

"ताई, अहो..." बाई हळूच म्हणाल्या.

"सात म्हणजे सात. नीट मोज."

त्याने डावा हात पडद्याकडे नेला आणि बोटाने एकेक छत्री दाखवू लागला. शेवटच्या छत्रीवर बोट दाबून धरलं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मानेवरची शीर फुगली, डोळे छताकडे गेले. जड वजन उचलताना आधी दोर ताणला जातो, यंत्र घरघरतं, पण खाली क्षणभर काहीच हलत नाही. त्या क्षणी घाई करायची नसते, असं त्यानेच तिला एकदा सांगितलं होतं. ताईने घाई केली नाही. त्याच्या चेहऱ्यामागे कुठेतरी, तिला कधीच जाता येणार नाही अशा जागी, काहीतरी प्रचंड जड जमिनीवरून सुटत होतं आणि ती ते प्रत्यक्ष पाहत होती.

"आ..." घाऱ्या म्हणाला. "आ... आठ!"



ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण वकिली काही सुटली नाही. "सात," ती कशीबशी म्हणाली.

"आठ! आठ! छत्... छत्री आठ!"

बाईंच्या हातात छत्रीचं कार्ड तसंच होतं. त्यांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा घाऱ्याकडे, आणि ते गठ्ठ्यात परत ठेवून दिलं. म्हणाल्या, "मी सांगितलेलं सगळं विसरा. भांडा."

मग ताई रोज भांडू लागली. जिथे चूक होती तिथे "चूक नाही" म्हणे, आणि जिथे नव्हती तिथे मुद्दाम काढे. शब्द यायला लागले, पण कुठून, कसे, कुणालाच सांगता येईना. समोरचा पेला दाखवून पाणी मागणं त्याला जमत नसे, आणि एकदा यंत्रमानवाचं सूप वाडग्यात शांत बसलेलं पाहून तो स्पष्ट म्हणाला, "गुरुत्वाकर्षण!" म्हणजे अंतराळात सूप तरंगायला हवं. बायको दारातच थबकली.

"पाणी म्हणता येत नाही," ती म्हणाली, "आणि गुरुत्वाकर्षण?" आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, भिंतीला टेकून हसली.

तिला हाक मारणं त्याला सगळ्यात अवघड जाई. नाव ओठांपर्यंत येई आणि परत फिरे. एकदा फार धडपडून त्याने हाक मारली ती "साहेब!" पुढे बरेच आठवडे ती साहेबच होती. "चला," ती म्हणायची, "नवऱ्याने बढती तरी दिली."

ताईने बाईंना विचारलं, असं कसं होतं? बाईंनी चष्मा काढून पुसला. "मेंदूतली कुठली वाट बंद झाली ते आम्हाला स्कॅनच्या चित्रात दिसतं," त्या म्हणाल्या. "कुठली वाट उघडेल, ते नाही सांगता येत. इतकी वर्षं हे काम करतेय, पण माणूस शब्द शोधायला लागला की माझ्या अजूनही अंगावर काटा येतो."

घाऱ्या घरी आला. पण क्रेनवर परत जाता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो पुन्हा गप्प झाला. लॅपटॉप उघडला की उठून जाई. ताईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन सरळ त्याच्या कामाच्या जागी गेली.

तिने ती क्रेन जवळून कधी पाहिलीच नव्हती. ती मान वर करत गेली, अजून वर, फाटकावर दिलेली पिवळी टोपी डोक्यावरून घसरून मागे पडली तरी काचेची खोली कुठे ते दिसेना. मग दिसली, काडेपेटीएवढी. तिथे बसून हा माणूस डबा उघडायचा आणि ऑक्टोपसच्या पायांवरून माझ्याशी भांडायचा! ताईने टोपी उचलून पुन्हा डोक्यावर दाबली.

खाली इशारे देणारा माणूस धावत आला. त्याने घाऱ्याला मिठी मारली आणि ताईकडे वळला. "तुम्ही ताई ना? तुमचे सगळे खटले आम्हाला पाठ आहेत. जेवण झालं की वॉकीटॉकीवर निकाल यायचा. आज ताई हरली. आज ताई पळाली." तो घाऱ्याकडे बघून हसला. "कधी कधी म्हणायचा, आज ताईचं बरोबर होतं, पण तिला सांगू नकोस."

घाऱ्याचे कान लाल झाले. "चूक!" तो ओरडला. "चूक! खो... खोटं बोलतो हा!"

आख्खं वाक्य. इशारेवाल्याने हातातली वॉकीटॉकी तोंडाशी नेली आणि वर कळवलं, "घाऱ्या बोलला रे! मला शिव्या देतोय!" वरून नव्या चालकाने भोंगा वाजवला. तो आवाज आकाशातून खाली येत असताना घाऱ्याने मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. रडला नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्याने ताईचा हात धरला आणि म्हणाला, "स्क्रू. डावीकडे."

"उजवीकडे," ताई म्हणाली.

पुढे बाईंच्याच डोक्यात आलं. ज्यांचं बोलणं गेलंय अशा सगळ्यांना आठवड्यातून एकदा दुपारी रुग्णालयातल्या एका खोलीत बसवायचं, एक भाग दाखवायचा आणि चुका काढू द्यायच्या. घाऱ्या आता त्याच कंपनीच्या गोदामात अवजारं द्यायला-घ्यायला बसतो. बोलणं अजून अडखळत येतं, काही शब्द येतही नाहीत. पण त्या दुपारी तो सुट्टी घेतो, कारण खटला चालवायला कुणीतरी हवं.

पहिल्या दिवशी ताई आणि त्याची बायको बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत एक आजीबाई होत्या, त्यांना फक्त गाता यायचं. एक निवृत्त न्यायाधीश, ते सगळ्याला "मंजूर" म्हणायचे. एक जलतरण शिकवणारी, तिला शब्द आठवायचे पण उलटसुलट. दार लावलं होतं. बराच वेळ आतून नुसता मालिकेचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

मग कुणीतरी काहीतरी म्हणालं. दुसऱ्या कुणीतरी त्याला तोडलं. कुणी टेबलावर थाप मारली, कुणी सुरात काहीतरी म्हटलं, "मंजूर, मंजूर" असा ठणकावून आवाज आला आणि त्यावर तीनचार जण एकदम उसळले. गलका इतका वाढला की कोपऱ्यातून परिचारिका ओठांवर बोट ठेवत आली, आणि दाराशी पोचल्यावर तिला कळलं की आत कोण बसलंय. तिचं बोट खाली आलं. ती तिथेच उभी राहिली.

ताई कान देऊन ऐकत होती. त्या गोंधळात आपल्या भावाचा आवाज कुठला, ते तिला ओळखूच येईना.