शेडगे सरांची टकटक

आमच्या शेडगे सरांनी मला दोन वर्षांत एकदाही 'तू चुकलास' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, चार शब्द ऐकून घेतले असते आणि सुटलो असतो. पण ते फक्त वाकवलेल्या बोटानं टेबलावर दोनदा ठोकायचे. टक टक. म्हणजे, परत सांग.

साताऱ्यात एम.ए.ला आम्ही जेमतेम दहा-बारा पोरं. सर राजकीय सिद्धांत शिकवायचे. हा विषय नेमका काय, हे आमच्या घरी कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि उसाला लागलेले. ते पाहुण्यांना सांगायचे, "वीरधवल राजकारणाचं शिकतोय." मग पाहुणे भावी आमदार बघावा तसे माझ्याकडं बघत बसायचे. शेवटी झालो मी वकील, कराडच्या कोर्टात. तोंड चालवायची खोड होतीच, तिचं पोटापाण्यात रूपांतर झालं एवढंच.

सर मूळचे म्हसवडचे. उंच, काटकुळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांच्या दुष्काळी भागात माणसं पाणी जसं जपून वापरतात, तसे सर शब्द वापरायचे. साताऱ्यात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. काकू सांगलीला शाळेत शिकवायच्या, त्यामुळं संसार सांगलीत. शनिवारी दुपारचा तास संपला की पिशवी उचलून सांगलीची एसटी गाठायची आणि सोमवारी पहाटे परत, असा त्यांचा शिरस्ता.

आणि तो शनिवारचा तासच आमचा जीव की प्राण होता. त्या दिवशी पुस्तकं बंद. एक मुद्दा घ्यायचा आणि दोघांनी समोरासमोर भांडायचं. अट एकच. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि तेही असं की समोरच्यानं स्वतः म्हटलं पाहिजे, "व्हय, मला हेच म्हणायचंय." तोवर सरांची टकटक चालू. समोरचा 'व्हय' म्हणाला की सर आपला तळहात टेबलावर पालथा ठेवायचे. तो हात टेकला की तुमची पाळी आली. 'अमुक पाहिजे का नको' असले हो-नाहीचे प्रश्न त्यांना खपायचे नाहीत. तसं कुणी विचारलं की टकटक. माणसाला हो का नाही विचारू नका, त्याचं म्हणणं काय ते आधी शोधा, असं ते एकदाच म्हणाले होते. पुन्हा नाही.

माझ्या नाकावर राग. त्यात समोर कोण, तर लोणंदचा प्रशांत. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला, वडील रेल्वेत रुळांच्या कामावर. विषय होता समता. मी उठलो आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, सगळ्यांना एकच माप लावा, विषय संपला. सर म्हणाले, "आधी प्रशांतची बाजू सांग."

"त्याचं म्हणणं, आमच्यावर अन्याय झाला, त्याची भरपाई द्या."

"न्हाई," प्रशांत म्हणाला. टक टक.

दुसऱ्या पद्धतीनं सांगितलं. न्हाई. टक टक. तिसऱ्या पद्धतीनं. प्रशांत नुसता खिडकीतून किल्ल्याकडं बघत बसला. तो शनिवार गेला, पुढचा गेला. मी असा तापलो होतो की विचारू नका. शेवटी प्रशांतलाच माझी दया आली. म्हणाला, "वर्गात बसून तुला जमायचं न्हाई गड्या. घरी चल."

गेलो लोणंदला. त्याच्या आईनं वांग्याची भाजी आणि गरम भाकरी वाढली. वडील कामावरून आलेले, दमलेले. मीच भरपाईचं काढलं, तेव्हा म्हणाले, "भरपाई कुणाला पायजे रं? आमाला आत यायचं हाय. दारात हुबं ऱ्हाऊन लय पिढ्या गेल्या."

पुढच्या शनिवारी मी म्हणालो, "प्रशांतला भरपाई नको. त्याला दाराच्या आत जागा हवी. आणि ती कुणी उपकार म्हणून दिलेली नको, कारण ती त्याची आहेच." प्रशांतनं खिडकीवरची नजर माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, "व्हय. हेच." सरांचा हात टेबलावर टेकला.

मी छाती फुगवून माझं भाषण सुरू करणार, तेवढ्यात सर प्रशांतला म्हणाले, "आता तू ह्याची बाजू सांग." त्यानं एका दमात सांगितली. "ह्याच्या आज्याची जमीन चार भावांत वाटली गेली. बाप फौजेत गेला म्हणून घर उभं राहिलं. गाव म्हणतं हा बागायतदार, आणि वाट्याला काय उरलंय ते ह्याचं ह्यालाच ठाऊक. ह्याला माझा राग न्हाई. ह्याला पुढची भीती वाटती, आणि भ्यालोय असं म्हणायची त्याच्या घरात रीत न्हाई." मी कसंबसं 'व्हय' म्हटलं. इतकी वर्षं कोर्टात लोकांच्या बाजू मांडतोय, पण माझी बाजू इतकी नीट आजवर कुणी मांडलेली नाही. त्या दिवसापासून तो माझा सख्ख्या भावाहून जवळचा झाला, आणि हे मी त्याच्या तोंडावरही सांगतो.

असं भांडण रंगलं की संध्याकाळ व्हायची आणि सरांची एसटी चुकायची. मग आमची चैन. सर स्टँडजवळ सगळ्यांना मिसळ खाऊ घालायचे, पिशवी पायाशी ठेवून आमच्यात बसायचे आणि रविवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला जायचे. ते दिवस आठवले की आजही मला कोर्टात बसवत नाही.

पंधराएक वर्षं झाली त्याला. सर निवृत्त होऊन सांगलीला गेले. काकू वारल्या. आणि गेल्या थंडीत सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द येत नाहीत. म्हसवडहून त्यांच्या थोरल्या बहिणीला, हरणाबाई आत्यांना, सोबतीला आणलं. सरांना त्या नाना म्हणायच्या. त्यांचाच एके दिवशी मला फोन आला. "आवं वकीलसायेब, इंद्रजित बापाला पुण्याला न्यायचं म्हणतोय. नाना न्हाई म्हणतोय तरी ऐकत न्हाई. तुमी या."

इंद्रजित म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पुण्यात कंपनीत. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याचं म्हणणं ऐकायला शिकवलं, त्याच्या घरात त्याचंच कुणी ऐकेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी प्रशांतला फोन लावला. तो आता लोणंदलाच ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. रविवारी त्याला कराडला गाडीत घेतलं आणि सांगलीपर्यंत आमचा बेत पक्का झाला. सांगली-कराडकडच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावायच्या, व्यायाम करून घ्यायला माणूस ठेवायचा, पण सरांना सांगलीतून हलू द्यायचं नाही.

सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. समोर जेवणाचं टेबल, डावा हात त्यावर. आम्हाला बघून त्यांचे डोळे भरले. मी पायाला हात लावला आणि माझंही काही खरं राहिलं नाही. इंद्रजित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तोंड उतरलेलं, डोळे जागरणानं लाल.

चहा झाल्यावर मी वकिली पवित्रा घेतला. "सरांना जायचं नाही असं कळलं. मग जबरदस्ती कशाला?"

"जबरदस्ती कसली, दादा," तो म्हणाला. "मी रोज विचारतो. तुमच्यासमोर विचारतो." तो टेबलाजवळ आला. "आप्पा, पुण्याला येताय ना माझ्याकडं?"

सरांनी वाकवलेल्या बोटानं टेबलावर ठोकलं. टक टक.

"बघा," इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "महिनाभर हेच चाललंय. नको म्हणजे नको. मी परका आहे त्यांना."

"मी म्हनलं न्हवतं?" आत्या म्हणाल्या.

मी प्रशांतकडं बघितलं. तो ताठ बसला होता. त्यानंही ओळखलं होतं. ही टकटक नकाराची नव्हे हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. पोरगं त्या वर्गात कधी बसलेलंच नव्हतं. पण माझी खोड जाईल तर शपथ. मला वाटलं, सरांची बाजू मांडायची तर आमच्याइतकी कुणाला येणार? मी खुर्ची पुढं ओढली.

"सर, तुमचं म्हणणं मी सांगतो. ह्या घरात काकूंच्या आठवणी आहेत. तुमची माणसं, तुमचे विद्यार्थी इथं आहेत. तुम्हाला इथंच राहायचंय."

टक टक.

प्रशांतनं सांगून बघितलं. "सरांना कुणावर ओझं व्हायचं न्हाई. म्हणून सांगलीच बरी."

सर थोडं थांबले. मग टक टक. आमचा दोघांचाही निकाल लागला. सरांचे सर्वांत आवडते विद्यार्थी म्हणवून घेत होतो, आणि गाडीत बसून जे ठरवलं ते सरांचं नव्हतं, आमचं होतं. आम्हाला अधूनमधून येऊन सरांपाशी बसायला सांगलीत एक दार उघडं हवं होतं.

सरांनी डावा हात उचलला आणि बोट इंद्रजितकडं केलं.

मी उठलो, त्याला खुर्चीवर बसवलं आणि शनिवारच्या तासाची अट सांगितली. "ते नको म्हणत नाहीत. परत सांग म्हणतायत. तू हो-नाही विचारू नकोस. त्यांचं म्हणणं काय आहे ते तू सांग. जमलं तर हात टेबलावर पालथा पडेल."

"मला काय माहीत त्यांचं म्हणणं?" इंद्रजित एकदम उसळला. "ते तुमचे सर. मी शनिवारी संध्याकाळी सांगलीच्या स्टँडवर उभा असायचो. साताऱ्याची गाडी यायची, सगळे उतरायचे, आप्पा नसायचे. आई म्हणायची, पोरांचं भांडण रंगलं असेल."

मी आणि प्रशांत, दोघांनीही माना खाली घातल्या. त्या मिसळीची चव पहिल्यांदाच तोंडात कडू झाली.

सर त्याच्याकडं बघत होते. टक टक. ह्या वेळी अगदी हळू.

इंद्रजितनं डोळे पुसले. "तुम्हाला इथं राहायचंय." टक टक. "तुम्हाला वाटतं मला वेळ नाही." टक टक. त्यानं सरांच्या त्या वाकवलेल्या बोटाकडं बघितलं. मग तो खालच्या आवाजात, जणू स्वतःशीच बोलावं तसं, म्हणाला, "तुम्हाला यायचंय. माझ्याजवळ राहायचंय. पण मी लहान असताना तुम्ही माझ्याजवळ राहिला नाहीत. आता कुठल्या तोंडानं जायचं, असं तुम्हाला वाटतंय."

सरांची बोटं सरळ झाली. तळहात टेबलावर पालथा पडला.

नियमाप्रमाणं आता सरांची पाळी होती, त्यांनी इंद्रजितची बाजू मांडायची. मला ते आठवलं आणि मी जीभ चावून गप्प राहिलो. पण सरांना नियम कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या, घामाघूम झाले, शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही आला. इंद्रजित खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाला, "व्हय आप्पा. हेच म्हणायचं होतं मला."

पुढच्या आठवड्यात सर पुण्याला गेले. सामान गाडीत चढवायला आम्ही दोघं होतो. आत्या म्हसवडला परत जाताना बजावत होत्या, "त्याला शेंगदाण्याची चटणी लागती, पुण्यातली गोड न्हाई चालायची." घराला कुलूप लावून किल्ली प्रशांतनं इंद्रजितच्या हातात दिली. नंतर आम्ही दोघंच कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. मला रडू आलं आणि प्रशांतनं त्याबद्दल मला अजून चिडवलेलं नाही, हे विशेष.

आता दर शनिवारी दुपारी मी कोर्टाबाहेरच्या टपरीवरून पुण्याला फोन लावतो. इंद्रजित स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवतो. मी एखादी केस घेतो आणि माझ्या विरोधी पक्षाचं म्हणणं सरांना सांगतो, अगदी तळमळीनं. संपलं की थांबतो. पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू येते, इंद्रजितचं हसू ऐकू येतं, आणि मग टेबलावर ते वाकवलेलं बोट दोनदा वाजतं.

मग मी परत सांगतो.