चार रंगांची ओळ

माझी मावसबहीण प्रयोगशाळेत काम करते. तिच्या पडद्यावर करोनाच्या विषाणूची जनुकीय अक्षरं सरकत होती, चार रंगांत, कासाराकडे टांगलेल्या बांगड्यांसारखी.

"कुठलं अक्षर बदललंय ते बघून अंदाज येतो, कुणाकडून कुणाकडे गेला असेल," ती म्हणाली.

मी गुंगल्यासारखी बघत राहिले. त्या रंगांतून आमची गल्ली, कोपऱ्यावरची डेअरी, आमचं दार हळूहळू वाहत गेलं.

बाहेर टीव्हीवर अजून तोच वाद चालला होता, विषाणू बाजारातून आला की प्रयोगशाळेतून. आमच्या घरात हा वाद कधी झालाच नाही. बाबा आजारी पडले, त्या दिवसांत घराबाहेर फक्त मी जायचे, दूध आणायला. बाबा गेले. आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हापासून दूध आणायला मात्र तीच जाते.