मायच्या नावाचं रिटर्न

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या. धंदा म्हणावा तर धंदा, न्हाई तर नुसती वणवण. महिन्याला किती मिळतं असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. मिळतं तेव्हा मिळतं. इन्कम टॅक्स ही परळीच्या व्यापाऱ्यांची भानगड, आमच्या नांदूरघाटात तिचं काय काम, अशी माझी पक्की समजूत होती.

दुष्काळात, चारा छावण्यांच्या वर्षी, ती मोडली. जनावरं छावणीत होती आणि माणसं टँकरच्या रांगेत. दूध पार आटलेलं, तरी दूध संघाला इमारतीचा निधी मार्चच्या आत खर्च करायचाच होता. म्हणून ज्या डेअरीत दूध नव्हतं तिला आतून-बाहेरून रंग द्यायचं काम निघालं आणि ते मला मिळालं. एवढं मोठं काम मी जन्मात केलं नव्हतं. साठ हजारांच्या वर बिल झालं. त्यातले बहुतेक रंगाच्या दुकानदारानं नेले, ती गोष्ट वेगळी.

बिल काढायच्या वेळी संघाचे अकाउंटंट म्हणाले, "पॅन कार्ड आणा."

मी घरी गेलो आणि आणून दिलं. मायचं. आता हसू नका. घरात कार्ड तेवढं एकच होतं. म्हैस होती तेव्हा माय संघाला दूध घालायची, सभासद तीच, खातंही तिचंच, तेव्हा संघानंच ते काढून दिलं होतं. रेशन कार्ड घराला एक, गॅसचं पुस्तक घराला एक, मग हेही घराला एकच असणार, असं मला वाटलं. अकाउंटंटलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी झेरॉक्स काढली आणि चेक मायच्या नावानं फाडला. मायनं बँकेत अंगठा दिला, पैसे मी उचलले. बघतो तर सहाशे वीस रुपये कमी.

"हे कावून कापले?" मी अकाउंटंटला विचारलं.

"टीडीएस हाय तो. सरकारजमा झाला. रिटर्न भरा, परत येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको म्हणाली, "जाऊ द्या की. केजला चार खेपा केल्या तर तेवढे जीपलाच जातील." ऐकलं असतं तिचं तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव असा की एकदा खाज आली की रक्त निघेपर्यंत खाजवायचं. घामाचे पैसे हायेत, सोडणार न्हाई म्हणालो आणि तालुक्याला केजला गेलो. तिथं कॉम्प्युटर घेऊन बसणारा, रिटर्न भरून देणारा एक जण होता.

"धंदा काय?" त्यानं विचारलं.

"रंगकाम."

त्यानं कार्डावरचा फोटो बघितला. "ही आजी रंगकाम करते?"

"आजी न्हाई, मी करतो."

"मग तुमचं पॅन द्या."

"हेच की."

त्यानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "पैसे आजीच्या नावावर गेले, म्हणजे कागदावर रंगकाम आजीनंच केलं. कळलं का?"

कळलं नाही, पण मी मान हलवली. "टॅक्स किती बसतो?"

"एवढ्याशा कमाईवर कसला टॅक्स? शून्य."

"शून्य हाय तर कापले कावून?"

"कापले म्हणून तर परत मिळणार."

"पण परतच द्यायचे व्हते तर कापले कावून?"

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, चहा घ्या." मी चहा घेतला, त्यानं मायच्या नावानं रिटर्न भरून दिलं आणि मी गावाकडं आलो.

काही महिन्यांनी सहाशे वीस रुपये मायच्या खात्यात आले. मी हॉटेलात बसून चार जणांना ऐकवलं, सरकारकडून पैसे काढायला अक्कल लागते म्हणून. तिथं गावचा कोतवाल बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या मायला निराधारचा पगार हाय न्हवं? मग तिच्या नावानं रिटर्न कशाला भरलं बे? तेवढी कमाई दिसली की पगार बंद."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो पगार म्हणजे महिन्याचे सहाशे रुपये. मायची मिसरी त्यातून, बीपीच्या गोळ्या त्यातून, नातवंडांचा खाऊही त्यातूनच. वडील होते तोवर तिनं त्यांच्याकडं पैसे मागितले, पुढं माझ्याकडं मागितले, आणि मी कधी दिले, कधी खेकसलो. पगार सुरू झाल्यापासून तिनं माझ्यापुढं हात पसरला नव्हता. आणि मी शहाणा सहाशे वीस रुपयांसाठी तो घालवायला निघालो होतो.

मग सुरू झाली माझी पळापळ. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "रिटर्न दुरुस्त करता येईल, पण पैसे आजीच्याच नावावर दिसतात ते मी कसं पुसू? संघात विचारा." संघातले म्हणाले, "आमचं ऑडिट झालं, आता तहसिलात विचारा." तलाठी म्हणाला, "साठ हजार बिल आहे की नफा?" मला नफा सांगता येईना. रंगाच्या पावत्या कुणी ठेवल्यात? एका कागदावर माय निराधार, दुसऱ्यावर ठेकेदार. आणि उन्हातान्हात शिडीवर चढलेला मी कुठल्याच कागदावर नाही. मला तर शेवटी शेवटी वाटायला लागलं, डेअरी खरंच मी रंगवली का?

एक दिवस निराधारच्या पगारवाल्यांना तहसिलात तपासणीला बोलावलं. जीपमध्ये मी मायला सगळं सांगितलं आणि पढवलं, "विचारलं तर म्हण, मी काई काम करत न्हाई. पोरानं अंगठा घेतला, मला काई म्हाईत न्हाई. एवढंच."

"बरं," माय म्हणाली.

टेबलापाशी एक कारकून बाई होत्या, बोलायला चांगल्या. "आजी, तुमच्या नावावर रंगकामाची कमाई दिसतेय. तुम्ही केलंय का हे काम?"

मायनं पदर सारखा केला. "केलंय की."

"माय!" मी ओरडलो.

"तू गप." मग बाईंकडं वळून म्हणाली, "महिनाभर केलं बाई. टँकर आला की रांगेत मी हुबी. घरच्या पान्याच्या आदी रंगाला पानी. डोक्यावर घागर घिऊन डेअरीत जायची. शिडी मी धरली. ह्यो वर चढला की ह्याचं पाय लटलट कापतेत."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "खरं आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. पण तिचा शब्द न् शब्द खरा होता. शिडी धरून वर बघत उभी असलेली माय मला आत्ता दिसायला लागली. गावभर, केजभर हिंडून मी सांगत होतो की काम मी एकट्यानं केलं, आणि मला ते खरंच वाटत होतं. कुठं तोंड लपवू असं झालं. मी मान हलवली. बाईंनी सुस्कारा सोडला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पगार बंद झाला.

बाहेर आल्यावर मात्र माझा संयम सुटला. "न्हाई म्हणाया तुझं काय जात व्हतं? गेला ना पगार!"

"केलेलं काम न्हाई केलं कावून म्हणू?" ती म्हणाली.

जीप भरेपर्यंत आम्ही दोघं लिंबाखाली उभे राहिलो. शेवटी मीच म्हणालो, "बरं, जाऊ दे माय. आता दर महिन्याला सहाशे मी देत जाईन तुला."

ती जीपमध्ये चढून बसली, माझ्यासाठी जरा सरकली आणि म्हणाली, "ते देशील तवा देशील. डेअरीची मजुरी दे आदी."