पाण्याखालचे देवीदासभाऊ

देवीदासभाऊ समोरच्याला नमस्कार करायच्या आधी त्याचे पट्टे ओढून पाहायचे. पाठीवर बॅग असेल तर बॅगेचे, नसेल तर कमरेचा. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी स्टेजकडे निघालेल्या नवरदेवाला अडवलं, फेटा हलवून पाहिला, बुटात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "काही होऊन राह्यलं का तुले? आत्ताच सांग." नवरदेव म्हणाला, "नाई." "मंग जाय," भाऊ म्हणाले.

ते आमच्या अमरावतीच्या शोध-बचाव पथकातले जुने पाणबुडे. मी पातूरचा, घरातला पहिला पदवीधर. पदवी इतिहासाची, पण नोकरी लागली ती गावच्या विहिरीत पोहायला शिकलो होतो म्हणून. पथकाने कंत्राटावर घेतलं तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. मुलगा नेमकं काय करणार, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं ते जोडीनेच, आणि जोडीदारांनी एकमेकांचं सामान तपासायचं, हा आमचा नियम. मला भाऊंच्या जोडीला दिलं. ते माझी टाकी, नळी, पट्टे सगळं पाहायचे. मी त्यांच्याकडे हात नेला की म्हणायचे, "माहं पाह्यलं मी." आमच्याकडच्या तलावांत काळ्या मातीमुळे खाली स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून ते माझं मनगट धरून ठेवत आणि इशारे तळहातावर करत. अंगठा दाबला की वर चल. मी घाई केली तर वर आल्यावर शांतपणे विचारत, "पाण्याले घाई नाई. तुले काहून हाय?"

एकदा वलगावकडच्या तलावात एक माणूस बुडाला. मला त्या दिवशी सर्दी होती. सर्दीत खोल गेलं तर कानाचा पडदा फाटू शकतो, हे मला शिकवलेलं होतं. पण कंत्राट नवं होतं आणि काठावर पथकाचे साहेब उभे होते. भाऊंनी उतरण्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही होऊन राह्यलं का तुले?" मी नेहमीप्रमाणे "नाही" म्हणालो. थोडं खाली गेल्यावर कानात सुई शिरल्यासारखं झालं. मी दात आवळून उतरत राहिलो. भाऊ थांबले. काही वेळ त्यांनी माझं मनगट नुसतं धरून ठेवलं. मग तळहातावर अंगठा दाबला. मी नकारार्थी मान हलवली. त्या पाण्यात ती कोणाला दिसणार? त्यांनी पुन्हा अंगठा दाबला आणि मला वर घेऊन आले.

काठावर बुडालेल्याचा मेहुणा होता. "आमचा माणूस खाली हाय, अन् हे आंघोळ करून वापस आले!" साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "माहा कान दुखून राह्यला. पोरगं तर जायले तयार होतं." दुसरी जोडी उतरली आणि त्या माणसाला घेऊन आली. मेहुण्याने आमच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

साहेबांनी भाऊंना कान तपासायला पाठवलं. माझ्यापायी त्यांचं पाण्यात उतरणं बंद होणार, हे मला सहन होईना. कंत्राट गेलं तर जाऊ दे, असं ठरवून मी साहेबांना सांगितलं, "कान माझा दुखत होता."

साहेब म्हणाले, "तुझाही दुखत असेल. त्याचा डावा पडदा फाटलेला आहे. डॉक्टर म्हणतात, जुनं आहे. आता त्याला पाण्यात पाठवता येणार नाही." मला सर्दी जाईपर्यंत सुट्टी दिली.

मी तसाच राजापेठेत भाऊंच्या घरी गेलो. ते शेंगा फोडत बसले होते.

"भाऊ, सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं कधी?"

"तुम्ही विचारू कुठं देत होते?"

त्यांनी हातातली शेंग फोडली. "हे बी बरोबर हाय," म्हणाले आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.

आता भाऊ काठावर दोर धरतात आणि मी दुसऱ्या जोडीदाराबरोबर उतरतो. संध्याकाळी आम्ही दोघं राजापेठेत चहाला जातो. डावीकडून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्यांना ऐकू येत नाहीत, म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला चालतो. यावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही. परवा बोलण्याच्या नादात मी उजवीकडे आलो, तर मी बाजू बदलेपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले.