एकच एप्रन

गरम पाण्याच्या पिशवीचा रबरी वास आला की मला पनवेलच्या त्या लहानशा इस्पितळातलं ऑपरेशन थिएटर आठवतं. साठच्या दशकाची सुरुवात होती, मी तिथे नर्स होते आणि मला तिसरा महिना लागला होता, पण ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मिठागराच्या बांधावरून पडून हात मोडलेला एक माणूस टेबलावर होता. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, आत उकाडा. एक्स-रेच्या हिरवट पडद्यावर बघत डॉक्टर हाड बसवणार होते आणि तोवर रोग्याचा हात ताणून मला धरायचा होता. ते किरण अडवणारा शिशाचा रबरी एप्रन एकच होता, तो डॉक्टरांच्या अंगावर. रोगी मला म्हणाला, "दागतरांनी येवढा जाड झगा घातलाय, तुमाला नाय का?" डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटांचं तर काम आहे." माझा हात आपोआप पोटाशी गेला. "सर, मला नाही धरता येणार," मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, ते मला सांगवेना. तेवढ्यात आमच्या वयस्कर सिस्टर पुढे आल्या. "तू बाहेर थांब," एवढंच म्हणून त्यांनी तो हात धरला, तेही एप्रनशिवाय. मी भिंतीपलीकडे यंत्राची घरघर ऐकत येरझाऱ्या घालत राहिले. माझी मुलगी धडधाकट जन्मली. काही वर्षांनी सिस्टरच्या बोटांना न भरणाऱ्या चिरा पडल्या. त्या आयुष्यभर असेच त्या किरणांखाली रोग्यांचे हात धरत आल्या होत्या. त्यात माझ्या वाट्याचा तो एक दिवस किती धरायचा, हे मला अजून ठरवता येत नाही.