सरगुंड्यांची कादंबरी

वाचता वाचता मध्येच ती थांबायची, पुस्तकात बोट ठेवून ते मिटायची आणि अंगणातल्या निंबाकडे बघत म्हणायची, "मुरू द्या जरा." लोणच्याबद्दल म्हणावं तसं ती वाक्याबद्दल म्हणायची. आमचे हात कणकेत, कान तिच्याकडे, आणि ही बाई आपली निंबाचा मोहर बघत बसलेली. आमचा जीव नुसता टांगणीला.

दारव्ह्याला आमच्या आळीच्या टोकाशी, सरकीच्या गोदामामागच्या खोलीत ती राहायची. नवरा शाळेत मास्तर, म्हणून ती मास्तरीण. तिचं नाव तेव्हा कुणी घेतलं नाही, मीही आता घेत नाही. दोघं नवरा-बायको नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. आळी मात्र त्यांची जुनी जात विसरायला तयार नव्हती. मी तेव्हा नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत सगळं बघत होते.

चैत्रात आळीतल्या मोठ्या काकूंच्या अंगणात वर्षभराचे सरगुंडे व्हायचे. कणकेची बारीक दोरी वळायची, काडीला गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची आणि बाजेवर वाळत घालायचं. दुपारच्या दुपार त्यात जायची. काम तसं कंटाळ्याचं, म्हणून काकू मास्तरणीला बोलवायच्या. तिच्याकडे पुस्तकं होती आणि वाचायची अशी, की ऐकतच राहावं. दुसरं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. साऱ्या अंगणात वाचणं हे एकच काम असं होतं, ज्यात कणकेला हात लागत नव्हता. पायरीजवळचा दगड तिचा. तिथं बसायचं, वाचायचं, घरी जायचं.

तिला हे कळत नव्हतं असं समजू नका. एकदा ती वाटीभर अंबाडीची भाजी घेऊन आली. हिवाळ्यात वाळवून ठेवलेली अंबाडी, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. त्या वासानं मला माझं माहेर आठवलं. काकू म्हणाल्या, "ठेव तिथं." वाटी तिथंच राहिली. संध्याकाळी काकूंच्या बकरीनं ती चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी उचलत मास्तरीण म्हणाली, "बकरीले आवडली. म्हंजे मीठ बराबर होतं." आणि पुस्तक उघडलं. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

तिच्या घरी चुलीपाशीच पुस्तक असायचं. भाकर तव्यावर टाकली की दोन ओळी, उलटली की आणखी दोन. एकदा मी विचारलं, "एकटीनं करमते काय तुमाले?"

"नाल्यावर जातो, सरपण आणतो, भाकरी थापतो," ती म्हणाली. "रोजचंच हाये, बाई. पण वाचलेलं काई मनात असलं का तोच नाला वेगळा दिसते."

मी मग दोन दिवस नाल्याकडे टक लावून बघितलं. मला म्हशीच दिसल्या.

त्या वर्षीच्या कादंबरीत लग्न मोडलेली एक मुलगी घर सोडून निघते आणि बाप तिला शोधायला बाहेर पडतो. बाप नदीच्या घाटाशी पोचला आणि मास्तरणीनं पुस्तक मिटलं. या वेळी निंबाकडे बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं.

"उद्या सगळ्या माह्या घरी या," ती म्हणाली. "जेवाले."

गेलो. बाप-लेकीची भेट होते की नाही हे कळायला हवं होतं ना. जेवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. खोली सारवलेली, पाट मांडलेले, ताटांत भाकर, अंबाडी, कांदा.

"वाच आधी," काकू उभ्यानंच म्हणाल्या.

"आज वाचत नाई, काकू. आज वाढतो." तिनं भाकरीची टोपली पुढं ओढली. "जिले नाई जेवायचं तिनं खुशाल जावं. उद्या तुमच्या अंगणात येऊन पुढचं वाचीन, दगडावर बसून. गोष्ट काई अडवून ठेवत नाई मी. पण माह्या हातचं बी कोणी खावं, असं मले वाटते."

काकू वळल्या आणि गेल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. आम्ही तिघी राहिलो. मी दोनदा भाजी मागून घेतली. वाढताना ती रडत होती आणि नाव चुलीच्या धुराचं सांगत होती.

आता ती काही येत नाही, असं मला वाटलं होतं. पण बोलल्याप्रमाणे आली, दगडावर बसली, पुस्तक उघडलं. काकू कणीक तिंबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थांब. हात धू."

मास्तरणीला कळेना.

"हात धू अन् इकडं बस. ते बुक मले दे. मी वाचतो."

दोघी बायका आपापले पाट उचलून चालत्या झाल्या. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.

काकूंना वाचता यायचं ते पोथीपुरतं. तेव्हा कादंबरीही त्यांनी पोथीच्याच चालीवर लावली. बाप घाट उतरतो हे त्यांनी असे हेल काढून म्हटलं, की आता आरतीच होणार. अक्षराखाली बोट, दुपारभरात जेमतेम एक पान. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. मास्तरीण हसत नव्हती. तिचे दोन्ही हात कणकेत होते आणि तिचे सरगुंडे चांगले जाडजूड होत होते.

"बारीक वळ वं," काकू ओरडल्या. "बैलाची दोरी करून राह्यली काय?"

"हो काकू," ती म्हणाली. इतकं खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं.

काकूंच्या त्या चालीनं कादंबरी पुरी व्हायच्या आधीच मास्तरांची फुलसावंगीला बदली झाली. दोन पानं राहिली होती. ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "शेवट तरी सांगून जा."

"मले कुठं माहीत हाये? मी तुमच्यासंगंच वाचत होतो." पुस्तक तिनं काकूंच्या हातात दिलं. काकूंनी तिचा डबा सरगुंड्यांनी भरला, तिनं केलेल्या त्याच जाड्या सरगुंड्यांनी. मग ती मोटारीकडे गेली.

पुढच्या चैत्राआधी काकूंनी फुलसावंगीला जाणाऱ्या एकाजवळ निरोप धाडला, की सरगुंड्यांना ये. तो परत येऊन म्हणाला, मास्तर तिथूनही हलले, कुठं गेले कुणाला ठाऊक नाही.

सरगुंडे झाले. पायरीजवळचा दगड रिकामा होता. कुणीतरी म्हणालं, "दोनच पानं हायेत, काकू. टाका वाचून."

काकूंनी पुस्तक उघडलं आणि आत बोट ठेवून मिटलं. बराच वेळ त्या निंबाकडे बघत होत्या.

"तिच्या घरी माह्यं जेवण राह्यलं हाये," त्या म्हणाल्या. "ते झाल्यावर वाचू."